माझ्या हजेरीत

दुसऱ्याच्या दारात गेलं की प्रगतीची नजर आधी चपलांवर जायची. चपलांवरून घर कळतं. घरधनी ओसरीवर आहे का, सासू रानात गेलीय का, पाहुणे आलेत का. तिच्या कामाला ते कळणं भागच होतं. सासरा चार हातांवर खाकरत बसलेला असताना कुठली बाई सांगणार आहे, मला अंगावरून जातंय म्हणून?

त्यामुळे मार्चमधल्या त्या दुपारी बयाबाईच्या दारात बयाबाईच्या चपला नव्हत्या, हे आपल्याला दिसलंच नाही, असं काही ती कुणाला सांगू शकत नव्हती. टायरच्या तळाच्या, डाव्या पायाचा अंगठा तारेनं आवळलेल्या, अशा चपला साऱ्या वस्तीत एकीच्याच होत्या. आणि त्या तिथं नव्हत्या.

आता नोव्हेंबर लागला होता. शनिवारी सकाळी दौंडच्या घरात लेकीला, अहूला, वरणभात भरवताना फोन वाजला, म्हणून तिनं डाव्या हातानं तो उचलला, आणि त्या नसलेल्या चपला पुन्हा डोळ्यांपुढं आल्या.

मेसेज नीलमचा होता. इनामगावच्या बाजूच्या वस्त्यांवर नीलम आशा सेविका होती. तिनं लिहिलं होतं, ‘ताई, बयाबाईला अंगावर लाल जातंय. उन्हाळ्यापासून. कुणाला बोलली नाही. काल नदीवर धुण्यात माझ्या नजरेला पडलं. दवाखान्यात चला म्हटलं तर तुमचा कागद काढून दाखवती. म्हणती, प्रगतीनं लिहून दिलंय, मला कॅन्सर नाही.’

अहूनं घास बाहेर काढला आणि फ्रॉकवर पसरला. प्रगती तो पुसायचं विसरली.

बयाबाई अठ्ठावन्न वर्षांची. पाळी जाऊन तिला दहा वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांनी पुन्हा रक्त दिसलं तर एक दिवससुद्धा घरी बसू नका, हे प्रगतीनं त्याच वस्तीवरच्या बायांना चित्रांचा तक्ता लावून शिकवलं होतं.

काम पुण्यातल्या एका संशोधन संस्थेचं होतं. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर बहुतेक वेळा एका विषाणूच्या जुन्या लागणीतून होतो. लागण आधी, कॅन्सर कितीतरी वर्षांनी. मधल्या काळात ती लागण सापडली तर पुढचं टाळता येतं. पण तपासणीच्या टेबलावर झोपायला गावाकडच्या बाया तयार होत नाहीत. म्हणून बाईनं स्वतःच मोरीत जाऊन मऊ ब्रशनं नमुना घ्यायचा, तो नळीत घालून द्यायचा, आणि नळी पुण्याला जायची. असा नमुना किती बाया आपणहून देतात, हेच संशोधनाला बघायचं होतं. प्रगती एम.एस्सी. झालेली, जवळच्याच धनगर वस्तीवरची माहेरवाशीण. बाळंतपणानंतर दीड वर्ष घरी बसली होती. तिच्या गाइड मॅडमनी स्वतः फोन करून बोलावलं होतं. ‘मूल झालं म्हणजे डोकं रिकामं होत नाही, प्रगती. ये.’ त्या एका वाक्यावर ती आली होती.

पहिल्या दिवशी वस्तीवर तिनं मेंढरांचंच उदाहरण दिलं होतं. मेंढराला लागण होते तेव्हा लगेच दिसतं का? आधी चरतं, पाणी पितं, सगळं नीट असतं. तसंच हे.

तेव्हा बयाबाई मागून म्हणाली होती, “मंग आमाला बी धरून लस टोचनार का कान पिळून?”

साऱ्या बाया हसल्या होत्या. त्या हसण्यानंच वस्ती उघडली. चाळीस बाया यादीत होत्या, आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत अडतीस नळ्या आल्या. राहिल्या दोघी: बयाबाई आणि तिची सून सुषमा. सुषमाची पाळी आडवी आली होती. आणि बयाबाई दर वेळी म्हणायची, “देते की. पळून चाललीया का मी? आधी मेंढरं पाजून येते.”

त्या शेवटच्या दुपारी प्रगतीनं दोन पिशव्या फोडल्या, दोन नळ्यांवर दोन नंबर चिकटवले आणि सुषमाच्या हातात दिल्या. “तुझी ही. आणि ही मावशींची. कुठं आहेत त्या?”

“हायत की इथंच कुठंतरी,” सुषमा म्हणाली. “तुमी बसा ताई, च्या घ्या.”

सकाळपासून प्रगतीच्या सासूचे सात फोन येऊन गेले होते. अहूला एकशे दोन ताप होता. नवऱ्याची, मल्हारची, कुरकुंभच्या कारखान्यात पहिली पाळी, तो तीनशिवाय सुटणार नव्हता. वडापची जीप फाट्यावर थांबली होती आणि ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नव्हता. त्या दिवशी वस्ती पूर्ण झाली नसती तर महिनाअखेरच्या तक्त्यात ती अपुरी दिसली असती.

दहा मिनिटांत सुषमा मोरीतून बाहेर आली. हातात दोन्ही नळ्या. दोन्हींत ब्रश.

“आत्यांनी मघाशीच दिलं. देऊन गेल्या त्या रानात.”

मघाशी म्हणजे कधी? नळीवरचा नंबर दहा मिनिटांपूर्वी चिकटवलेला होता. कागदाचा गोंद अजून ओला होता. आणि उंबऱ्याबाहेर चपलांचे फक्त दोन जोड होते, एक सुषमाचा आणि एक तिचा स्वतःचा.

प्रगतीनं सुषमाच्या तोंडाकडं पाहिलं. सुषमा हसत होती, कुणाचं तरी काम अडलेलं सोडवून दिल्यावर माणूस हसतं तसं. फाट्यावर हॉर्न वाजला. फॉर्मवर शेवटची ओळ छापलेली होती: ‘हा नमुना माझ्या हजेरीत घेतला गेला.’ तिनं दोन्ही फॉर्मवर सही केली.

सही करायला दोन क्षणसुद्धा लागले नाहीत. पुढं आठ महिने तिला सगळ्यात जास्त तेच आठवत राहिलं, की हात अडखळलासुद्धा नाही.

तेवढंच असतं तर कदाचित तिनं स्वतःला घाई, ताप, जीप यांच्या आड लपवलं असतं. पण पुढं मे महिना आला. रिपोर्ट आले. दोघींच्याही नळ्यांत लागण नव्हती; दोघींचं वेगळं येणार कसं, दोन्ही नळ्या एकीच्याच. ते कागद वाटायला प्रगतीच गेली. बयाबाईनं कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला आणि विचारलं, “म्हंजी मला त्यो रोग न्हाई?”

“रिपोर्ट चांगला आहे मावशी.”

“बघा! मागं शाळंत नीलमीनं बोटातनं रगत काडलं व्हतं, त्येचंच ना ह्ये? येवढ्याशा थेंबात समदं दिसतं व्हय?”

ते रक्त साखर बघायला काढलं होतं. प्रगतीला ते ठाऊक होतं. तिनं तोंड उघडलं होतं, हेही तिला पक्कं आठवत होतं. पण तोंड उघडून ती फक्त हसली होती.

बयाबाई घरात गेली आणि बाहेर आली ती एक लहान घोंगडी घेऊन. घरच्याच मेंढरांची लोकर, काळी, कडेला पांढऱ्या दोन पट्ट्या. “तुज्या लेकीला. तू आमच्यासाटी उन्हातानाची हिंडतीस, आमी काय द्यावं?”

अहू रोज त्याच घोंगडीवर झोपायची. आत्ताही तिच्या ढुंगणाखाली तीच होती.

मल्हार तिसरी पाळी करून आला होता आणि डोळ्यांवर टॉवेल टाकून पडला होता. प्रगतीनं त्याला उठवून सगळं सांगितलं. त्यानं टॉवेल बाजूला केला. “मग नवा नमुना घे की. नवीन फेरी आहे म्हणायचं. कोणाला काय कळतंय? बाईचं काम झालं, तुझंही नाव राहिलं.”

“आणि तो आधीचा कागद?”

“चुकून झालंय गं. तू काय मुद्दाम केलंस?”

तेवढ्या बोलण्यानं तिला बरं वाटायला हवं होतं. उलट तिला असं झालं, की त्यानं दोन शब्द रागाचे बोलावेत. पण तो पुन्हा टॉवेल ओढून झोपला, आणि त्याची युक्ती मात्र तिच्या डोक्यात जागी राहिली.

रविवारी ती काष्टीवरून इनामगावच्या बाजूला गेली ती तीच युक्ती घेऊन.

या वेळी चपला दारात होत्या. तारेच्या. बयाबाई ओसरीवर एका कोकराला बाटलीनं दूध पाजत बसली होती. आधीपेक्षा चेहरा उतरला होता, हाताची हाडं वर आली होती. सुषमा चुलीपाशी भाकरी थापत होती.

“आली का गं डाक्टरीन! एकलीच? लेक कुठाय? घोंगडीवर मुतती का न्हाई?”

“रोज मुतते मावशी.”

“मुतू दे. लोकर हाय, वास धरत न्हाई.” बयाबाई हसली आणि मधेच थांबून कमरेला हात लावला.

प्रगती बसली. पाणी प्यायली. मग ठरवून आणलेलं वाक्य बोलली. “मावशी, आमची नवीन फेरी निघालीय. तुमचा एकदा पुन्हा नमुना घ्यायचाय.”

चुलीपाशी भाकरीवरचा हात थांबला.

“पुन्ना? आन् का? चांगला आला न्हवं पयल्यांदा?” बयाबाईनं कोकरू खाली ठेवलं, आत जाऊन बिरदेवाच्या टाकामागून प्लॅस्टिकची पिशवी काढून आणली. पिशवीत कागद घडी न मोडता ठेवलेला. “ह्ये बघ. देवापाशी ठिवलाय. मागल्या म्हयन्यात एका डाक्टरला बी दावला. त्यो म्हनला, ह्ये तपासलंय तर मंग भ्यायचं काम न्हाई. ताकदीच्या गोळ्या दिल्या.”

म्हणजे कागद नुसता देवामागं पडून नव्हता. तो दवाखान्यापर्यंत जाऊन आला होता, आणि एका डॉक्टरचा पुढचा प्रश्न त्यानं तोंडातच थांबवला होता.

“कधीपासून जातंय मावशी?”

“काय जातंय?”

“नीलमनं सांगितलं मला.”

“त्या नीलमीच्या तोंडाला झाकन न्हाई!” बयाबाईनं पदर पुढं ओढला. “उन्हाळ्यापास्नं. थोडं थोडं. उष्णता हाय, दुसरं काय? धन्या-जिऱ्याचं पानी पिते मी. आन् ह्यो कागद हाय म्हनून तर बिनघोर हाय बाई. न्हाईतर जीव भिऊन गेला असता.”

बिनघोर. त्या शब्दावर प्रगतीची युक्ती संपली. आता ती फेरीची थाप आणखी पुढं रेटू शकत नव्हती.

“मावशी, तो रिपोर्ट तुमचा नाहीये.”

“माज्या नावाचा हाय की.”

“नाव तुमचं आहे. नमुना सुषमाचा आहे.”

ओसरीवर कोकराच्या खुरांचा तेवढा आवाज झाला. बयाबाईनं मान वळवून चुलीकडं पाहिलं. सुषमानं पिठाचे हात पदराला पुसले, पुन्हा पुसले.

“आत्या, मला वाटलं…” ती म्हणाली, “बचत गटात तुमची हजेरी मीच लावती न्हवं? रेशनला घरातल्या एकाचा अंगठा लागला की समद्यांचं धान्य येतं. ह्ये बी तसंच आसंल वाटलं. तुमी रानात व्हता. ताईंचं काम अडलं व्हतं. त्यांची लेक तापानं फनफनली व्हती.”

“म्हनून माज्या नावानं तू दिलंस? आगं भवाने! गू-मुताची हजेरी व्हती का ती? उद्या माज्या नावानं सरनावर बी तूच झोपनार का? फशिवलंस त्या पोरीला! येवडी शिकलेली पोर, तिला तोंडावर खोटं सांगितलंस!”

“चुकलं आत्या.”

“चुकलं म्हनं! ती बिचारी विश्वासानं सही करून गेली, आन् तू…”

प्रगती ऐकत होती. ‘ती बिचारी’ तिनं ऐकलं. ‘विश्वासानं’ हेही ऐकलं. एक शब्द न बोलता तिथून उठायला वाट मोकळी होती. सुषमानंच ती करून दिली होती आणि सुषमाला तर ठाऊकही नव्हतं. सुषमा खाली मान घालून उभी होती, डोळ्यांतलं पाणी पिठाच्या मनगटानं पुसत होती, आणि अजूनही म्हणत होती, “ताईंना काय ठावं? माजंच चुकलं.”

किती वेळ गेला असेल? एक भाकरी तव्यावर जळून काळी पडेपर्यंतचा. तेवढा सगळा वेळ प्रगती गप्प बसली होती.

“मला ठाऊक होतं,” ती म्हणाली.

बयाबाईला आधी कळलंच नाही. “काय?”

“तुमच्या चपला दारात नव्हत्या. नळी तर मी दहाच मिनिटं आधी दिली होती. तुम्ही दिलेलं नाही हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी सही केली. आणि मे महिन्यात तुम्ही बोटाच्या रक्ताचं म्हणालात, तेव्हाही मी बोलले नाही. सुषमाला बोलू नका. तिला माहीत नव्हतं. मला होतं.”

बयाबाईनं कोकराला जवळ ओढलं. ओरडली नाही. ती ओरडेल याची प्रगतीनं तयारी केली होती.

“पन्नास वर्सं मेंढरं राखली म्या,” ती हळू म्हणाली. “येखादं मागं ऱ्हायलं, कान पाडून हुबं ऱ्हायलं, तर मी तितंच थांबते. म्होरली शंभर गेली तरी. बिन शाळंची बाई मी. आन् तुला दिसलं? दिसलं आन् तू म्होरं गेलीस?”

“अहूला ताप…”

“लेकराला म्होरं करू नगंस.”

प्रगतीचे कान तापले. बयाबाई बोलली नसती तर ती अजून काय काय पुढं करणार होती? जीप, सासू, मल्हारची पाळी, सगळं तिच्या जिभेवर रांग लावून उभं होतं.

“कॅन्सर हाय का मला?”

“माहीत नाही मावशी. तपासल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. पण तपासायलाच पाहिजे, पुण्याला. मॅडमशी बोलून मी तारीख घेते.”

“आन् तवाच तपासलं असतं तर?”

याचं उत्तर प्रगतीजवळ होतं आणि ते तिनं दिलं. “तर लवकर कळलं असतं.”

बयाबाईनं प्लॅस्टिकची पिशवी उचलली आणि तिच्या मांडीवर टाकली. “ह्यो तुजा. ने.” मग सुनेकडं वळून, “रडू नगंस सुषे. तू जाऊन मेंढरं कोन बघंल त्ये बग. तुला बी यावं लागंल संगं. मी एकली न्हाई जायची त्या टेबलावर.”

निघताना प्रगती दाराशी थांबली. “मावशी, ती घोंगडी मी परत…”

“ती लेकराची हाय,” बयाबाई तिच्याकडं न बघता म्हणाली. “तुजी न्हाई.”

सोमवारी शिरूरला बैठक होती. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांचं ऑफिस, तिथं महिन्याच्या पहिल्या सोमवारी मॅडम पुण्याहून यायच्या. त्यांची एक रीत होती: आधी प्रत्येकानं महिन्याभरातली आपली एक चूक सांगायची, मग आकडे. ‘चूक झाली नाही’ असं कुणी म्हटलं तर त्या वही मिटून म्हणायच्या, ‘म्हणजे तू बघितलं नाहीस.’ आठ महिने प्रगती दर बैठकीत चूक सांगत आली होती. एकदा तारीख चुकीची पडली. एकदा पेट्यांची अदलाबदल होता होता राहिली. एकदा संमतिपत्रावर अंगठा पुसट आला. बारीकसारीक, खऱ्या चुका. मॅडम इतरांना म्हणायच्या, ‘प्रगतीकडून शिका. स्वतःकडं असं बारीक बघावं.’

त्या दिवशी मॅडम पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या होत्या. शोधनिबंध स्वीकारला गेला होता. लेखकांत दुसरं नाव प्रगतीचं. पुढच्या जूनला पीएच.डी.ची नोंदणी नक्की. मॅडमनी पहिला पेढा तिच्या हातावर ठेवला. “तुझ्या वस्तीचा तक्ता परीक्षकांनी मुद्दाम वाखाणलाय. शंभर टक्के नमुने. असं कुठंच होत नाही म्हणाले.”

बाकीच्या तिघी टाळ्या वाजवत होत्या. पेढा तळहाताला चिकटायला लागला. बयाबाईला पुण्याला न्यायचं तर ‘लक्षणं दिसली म्हणून पाठवते’ एवढं म्हटलं तरी पुरलं असतं. मॅडमनी एका फोनवर सोय केली असती, आणि वरून शाबासकीही दिली असती. ही वाट आपल्याला आत्ताही स्वच्छ दिसतेय, कालचा रविवार होऊन गेल्यावरही दिसतेय, याचीच तिला लाज वाटली.

“आधी चूक सांगायचीय ना मॅडम?”

“आज राहू दे गं. आज गोड दिवस आहे.”

“नाही. सांगते.”

तिनं उभ्यानंच सांगितलं. चपला, ओला गोंद, दोन नळ्या, सही, मे महिना, बोटातलं रक्त, दवाखान्यात दाखवलेला कागद. पेढा हातातच होता. तो कुठं ठेवावा हे तिला समजेना आणि शेवटपर्यंत समजलं नाही.

मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, “बाई आत्ता कुठं आहेत?”

“वस्तीवर.”

“रक्तस्राव चालू असताना नमुना वगैरे काही नाही. थेट तपासणी.” त्यांनी तिथूनच फोन लावला. गुरुवार, सकाळी दहा. फोन ठेवून दुसरा प्रश्न विचारला. “अशा आणखी किती सह्या?”

“ही एकच.”

“हे तू म्हणतेस.”

प्रगतीची सही म्हणजे आता तिचं नुसतं म्हणणं उरलं होतं.

“निबंध मी आज परत मागवते,” मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. “तुझ्या हातच्या दोनशे अकरा नळ्या आहेत. पुढचे दोन महिने त्या दोनशे अकरा घरी जायचं. सोबत नीलम असेल, ती लिहील, तू नाही. प्रत्येकीला विचारायचं, नमुना तुम्ही दिला होता का, कुणासमोर. का विचारतोय ते खरं सांगायचं. नोंदणीचं त्यानंतर बघू. बघूच म्हणतेय, होईल म्हणत नाहीये.”

“हो मॅडम.”

“आणि प्रगती,” त्या थांबल्या. त्यांनी चष्मा काढला. “आठ महिने तू मला चुका सांगत होतीस. मी खूश होत होते. ते मला जास्त लागलंय.”

ती मोरीत जाऊन हात धूत राहिली. पेढ्याचा तूपकट चिकटपणा पाण्यानं जाईना.

गुरुवारी पहाटेच्या गाडीनं त्या तिघी पुण्याला गेल्या. गाडीत बयाबाई सुषमाशी बोलत होती, मेंढरांचं, घरी राहिलेल्या म्हस्कू आबांच्या जेवणाचं, शेजारच्या धुरपदेच्या कुत्र्याचं. प्रगतीशी ती कामापुरतं बोलली. “पानी दे.” “उतरायचं का?” पूर्वी ती तिला पोरी म्हणायची. आज काहीच म्हणत नव्हती.

दवाखान्यात तपासणीच्या खोलीबाहेर बाकं होती. आत जाताना बयाबाईनं चपला बाहेर काढल्या. सुषमा तिचा हात धरून आत गेली. प्रगती बाहेर बसून त्या चपलांकडं बघत राहिली. डाव्या चपलेची तार नवीन होती. गंजकी काढून चकचकीत घातलेली. पुण्याला यायचं म्हणून.

वीस मिनिटांनी तरुण डॉक्टरीण बाहेर आली. “आत जखम दिसतेय. तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल, तेव्हाच नक्की काय ते कळेल. किती पसरलंय तेही नंतरच. आजच काढू या.”

सुषमा दारातून पुढं आली. “बाई, आठ म्हयन्यापूर्वी आनलं असतं तर?”

“लवकर कधीही बरंच असतं,” डॉक्टरीण घाईत म्हणाली. तिला काही ठाऊक नव्हतं. ती फॉर्म भरत होती. “पेशंटचा अंगठा इथं घ्या. खाली साक्षीदाराची सही लागेल. लिहिता-वाचता येणारं कोण आहे?” मग प्रगतीकडं पाहून, “तुम्ही यांच्या कोण?”

आतून, पडद्याच्या पलीकडून, बयाबाईचाच आवाज आला.

“ती व्हय? ती सही करनारी हाय.”

डॉक्टरणीनं पॅड आणि कागद प्रगतीच्या हातात दिला. कागदावर संमतीचा मजकूर होता आणि तळाशी एक ओळ: ‘वरील अंगठा माझ्या हजेरीत घेतला आहे.’ नर्स म्हणाली, “तुम्ही करून टाका सही, अंगठा मी घेते आत. डॉक्टरांना पुढची केस आहे.”

“नको,” प्रगती म्हणाली. “मी आत येते.”

पडद्याआड बयाबाई टेबलावर पाय पोटाशी घेऊन बसली होती, कमरेखाली हिरवं कापड. पन्नास वर्षं रानोमाळ हिंडलेली बाई, तिचे तळवे उघडे पडले होते आणि ते कापडानं झाकायची ती धडपड करत होती. प्रगतीनं नजर वळवली नाही. सगळा मजकूर सावकाश वाचून दाखवला: काय काढणार, किती दुखेल, रक्त किती जाईल, नको म्हणायचा हक्क आहे. नर्सनं दोनदा घड्याळ पाहिलं. बयाबाईनं दोन गोष्टी विचारल्या, त्यांची उत्तरं डॉक्टरणीला बोलावून घेतली.

मग बयाबाईनं अंगठा शाईला लावला. कागदावर टेकवायच्या आधी तो हवेत धरून तिनं प्रगतीकडं पाहिलं.

“बगतीस ना?”

“बघतेय.”

अंगठा उठला. मधोमध एक आडवी चीर होती, कातरीनं लोकर कापताना कधी काळी बसलेली. ती चीरसुद्धा कागदावर आली. बयाबाईनं तो कागद लगेच दिला नाही. फुंकर घालून वाळवला, आणि मग पुढं केला.

“नीट बगितलंस? कर आता सही.”

प्रगतीचा हात अडखळला. मग तिनं सही केली.